छाटणीच्या काड्या आणि उड्डाणपुलाखालचा तारपा

सिंहस्थ कुंभमेळा जवळ आला की नाशिकच्या भिंतींच्या अंगात येतं. पुलाचे खांब, शाळांची कुंपणं, नाल्यांचे कठडे, जे रिकामं दिसेल त्यावर काहीतरी चितारायचं असतं आणि ते ‘काहीतरी’ स्थानिकच हवं असतं. मग वारली येते, द्राक्षाचा घोस येतो, रामकुंड येतं. २०२७ च्या तयारीत हा विषय पुन्हा निघाला आहे आणि तो दोन्ही बाजूंनी वाईट मांडला जातोय. एक बाजू म्हणते, हे सगळं खोटं आहे. वारली म्हणजे सारवलेली भिंत, गेरू आणि तांदळाचं पीठ, ॲक्रिलिकचा डबा उघडला की कला संपली. दुसरी बाजू म्हणते, बघायला छान वाटतंय, पोरांना काम मिळतंय, पावसात टिकतंय, मग अडचण कुठे आहे? एक सोवळं नेसून बसली आहे, दुसरी निविदा हातात घेऊन. भांडण रंगाच्या डब्यावरून चाललंय आणि ज्या भूमीचं नाव दोघंही घेतात तिच्याकडे कुणी बघत नाही.

माझं मत आधीच सांगून टाकते. आपल्या परिसरातली माती, दगड, काड्या, गवत हे कलाकाराने वापरावं, असा माझा आग्रह आहे. पण त्यामागे ‘अस्सलपणा’चं कारण नाही. पर्यावरणपूरकतेचं कारणही दुय्यम आहे. माझं कारण साधं आहे: ज्या जागेतून मी रंग घेते, त्या जागेचं काय चाललंय हे मला कळून घ्यावंच लागतं. नळीतला हिरवा रंग कुठल्या कारखान्यातून आला याच्याशी माझं काही देणंघेणं नसतं. टेकडीच्या पायथ्याहून पिशवीत भरून आणलेल्या पिवळ्या मातीशी असतं.

आमच्या भागातल्या उड्डाणपुलाच्या एका खांबावर दोन वर्षांपूर्वी तारपा नाच काढला. वारली चित्रात तारपा हे फुंकवाद्य वाजवणारा मध्ये असतो आणि नाचणाऱ्यांची साखळी त्याच्याभोवती वेटोळं घेत फिरते. इथे खांब अरुंद निघाला. त्यामुळे वाजवणारा एका अंगाला गेला आणि साखळी कोपऱ्यावर मोडून पलीकडच्या अंगाला गेली. आता ती माणसं कुणाच्या सुरावर नाचतायत ते कळायला मार्ग नाही. मागे गेरूचा भास व्हावा म्हणून रंगाच्या कार्डावरची विटकरी छटा दिली आहे. माझा एक मित्र हे चित्र बघून ॲक्रिलिकच्या नावाने बोटं मोडतो. मला तर त्यात ॲक्रिलिकचा काडीचाही दोष दिसत नाही. काढणाऱ्याने तारपा कधी ऐकलेला नव्हता, एवढंच. तेच चित्र त्याने तांदळाच्या पिठात काढलं असतं तरी साखळी तिथेच मोडली असती.

शुद्धतेच्या आग्रहात मला खटकणारी आणखी एक गोष्ट आहे. वारल्यांमध्ये लग्नाचा चौक सवाष्णी काढत, त्यात पालघाट देवी बसवत, लग्न लावणाऱ्या धवलेरी गाणी म्हणत. १९७० च्या दशकात चित्रकार भास्कर कुलकर्णी यांच्यासारख्या माणसांनी डहाणू-तलासरीकडच्या पाड्यांवर कागद नेला आणि जिव्या सोमा मशे यांनी लग्न नसताना, भिंत नसताना, पुरुष असून चित्रं काढली. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. कागद काही पाड्यावर उगवत नव्हता. मग मशे अस्सल की भेसळ? पेठ-सुरगाण्याकडच्या एखाद्या तरुण चित्रकाराला ‘तू शेणच वापर’ असं सांगणाऱ्यांपैकी किती जणांनी गेल्या दहा वर्षांत स्वतःच्या घरातली एक खोली सारवली आहे? आपण टाइल्सवर राहायचं आणि त्याने आपल्यासाठी भूतकाळात राहायचं, ही मागणी कलेच्या प्रेमापोटी आलेली नाही. त्यामुळे या मुद्द्यावर मी दुसऱ्या बाजूची आहे. कुणी कुठला रंग वापरावा हे ज्याचं चित्र त्याने ठरवावं.

शिवाय ‘स्थानिक’ हा शब्द जरा खरवडला की खालून परगाव निघतं, हेही कबूल करायला हवं. येवल्याची पैठणी आपल्या जिल्ह्याचा अभिमान. तिचं रेशीम कर्नाटकातून येतं, जर सुरतेहून. नाशिकच्या तांबट आळीत पिढ्यानपिढ्या ठोके पडले, पण तांबं काही नाशिकच्या मातीतून निघत नव्हतं. गणपतीच्या दिवसांत ‘आपल्या मातीचा बाप्पा’ म्हणून जी शाडू आपण मिरवतो ती बहुतेक गुजरातेतून, भावनगरकडून येते. इतकंच काय, अजिंठा घ्या. तिथला तांबडा आणि पिवळा गेरूचा, हिरवा तिथल्याच कातळात सापडणाऱ्या हिरव्या मातीचा, काळा काजळीचा. पण निळा लाजवर्द नावाच्या दगडाचा, म्हणजे थेट अफगाणिस्तानाच्या बाजूचा. भिंतीवरचा गिलावा मात्र माती, तूस आणि गवताच्या धाग्यांचा. दीड हजार वर्षांपूर्वीच्या चित्रकारालाही सगळं गावातलंच वापरायचं सोवळं नव्हतं.

मग आग्रह सोडूनच द्यावा का? इथेच माझी दुसऱ्या बाजूशी फारकत होते. अजिंठ्याच्या चित्रकाराने निळा मागवला, पण तो कधी मागवला? डोंगराला विचारून झाल्यावर. डोंगरात हिरवा होता, तो घेतला. निळा नव्हता, तो आणला. क्रम महत्त्वाचा आहे. आपण आधी दुकानात जातो, मग घरी येऊन मोबाइलवर डोंगराचा फोटो शोधतो आणि डब्यात जे रंग आहेत त्यात तो डोंगर बसवतो. सामान बाहेरून येण्याला माझी हरकत नाही. पायाखाली काय आहे ते न बघताच बाहेर हात पसरण्याला आहे.

शहराच्या दक्षिणेला त्रिरश्मीच्या डोंगरात चोवीस लेणी आहेत. आपण त्यांना पांडवलेणी म्हणतो, पांडवांचा त्यांच्याशी काही संबंध नसताना. तिथल्या अठरा क्रमांकाच्या चैत्याची कमान नीट बघा. तिचा सगळा घाट लाकडी बांधकामाचा आहे. वासे, कठडे, जाळ्या, सगळं लाकडात शोभणारं, आणि ते दगडात कोरलंय. म्हणजे कल्पना बाहेरची, सुताराची. पण कोरणाऱ्याला ती या कातळाच्या तालावर उतरवावी लागली. लेणं वरून खाली कोरतात. एकदा काढलेला दगड परत बसवता येत नाही, खांब जाड ठेवायचा की बारीक हे आधी ठरवावं लागतं, कातळात चीर निघाली तर आराखडा बदलावा लागतो. बाहेरून आलेली कल्पना आणि इथला हट्टी दगड यांची झटापट हीच तिथली कला आहे. आणि तिचा खर्च कुणी केला? त्या चैत्याच्या दर्शनी भागावरच्या लेखात धंभिक नावाच्या गावाच्या दानाची नोंद आहे. एका गावाने मिळून एक दर्शनी भाग दिला! दहा क्रमांकाच्या लेण्यात क्षत्रप राजा नहपान याचा जावई उषवदात सांगतो की त्याने इथल्याच गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे कारागिरांच्या संघांकडे, तीन हजार कार्षापण नाणी ठेवली. दोन हजार एका श्रेणीकडे, एक हजार दुसरीकडे, आणि त्यांच्या व्याजातून भिक्षूंच्या चीवरांची, म्हणजे वस्त्रांची, आणि वरखर्चाची सोय केली. त्याच लेण्याच्या आवारातल्या दुसऱ्या एका लेखात कुंभारांच्या श्रेणीचंही नाव आहे. राजाचा जावई विणकरांकडे ठेव ठेवतो, म्हणजे कारागीर त्या वेळी या शहराची बँक होते. आज कुंभाराला बँकेच्या दारात कोण उभं करतं? हे विषयांतर वाटेल, पण स्थानिक कलेची चर्चा करताना आपण फक्त रंगाबद्दल बोलतो आणि पैशाबद्दल गप्प बसतो, म्हणून सांगितलं.

मी रविवारी काही मुलांना चित्रकला शिकवते. पहिल्या दिवशी ‘नाशिकचा डोंगर काढा’ म्हटलं की कागदावर दोन त्रिकोण येतात, मधून सूर्य, खालून नदी. खिडकीतून रामशेज दिसत असतानाही! आपले डोंगर त्रिकोणी नसतात. लाव्ह्याचे थर एकावर एक बसले, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी, आणि झिजताना त्यांच्या पायऱ्या झाल्या. भूगर्भशास्त्रात ज्याला डेक्कन ट्रॅप म्हणतात, त्यातला ‘ट्रॅप’ हा शब्द पायऱ्यांसाठीच्या स्वीडिश शब्दावरून आला आहे. अंजनेरी बघा, ब्रह्मगिरी बघा: वर सपाट माथा, मग उभा कडा, मग उतार, पुन्हा कडा. धोडपच्या धारेला तर कुणी मुद्दाम खाच पाडावी तशी खाच आहे. (अपवाद त्रिरश्मीचा. तो खरोखर त्रिकोणी दिसतो, आणि तेवढ्या एका डोंगराच्या जोरावर मुलं माझ्याशी वाद जिंकतात.) मुलांना मी त्या पायऱ्या किती वेळा तोंडाने सांगितल्या, फरक पडला नाही. मग एकदा घाटात रस्त्यासाठी कापलेल्या कड्याशी गेलो. काळ्या थरांच्या मध्ये तांबड्या मातीचा पट्टा होता. दोन लाव्ह्यांच्या मधल्या निवांत काळात तयार झालेली ती माती. मुलांनी ती खलली, पाण्यात ढवळली, वर तरंगणारं गढूळ पाणी दुसऱ्या भांड्यात ओतून निवळू दिलं, तळाला बसलेल्या गाळात बाभळीचा डिंक घातला. त्या रंगाने डोंगर काढताना एकानेही त्रिकोण काढला नाही. तांबडा पट्टा कुठे द्यायचा हा प्रश्न पडला की पायऱ्या आपोआप येतात.

यावर माझा एक चित्रकार स्नेही म्हणतो, हे सगळं शाळकरी आहे. मोठ्या कलेला साहित्याची असली शिकवणी लागत नाही. त्याला मी शिल्पकार रामकिंकर बैज यांच्या ‘संथाल परिवार’ची आठवण करून देते. शांतिनिकेतन, १९३८. ब्राँझ परवडण्याजोगं नव्हतं, म्हणून त्यांनी जांभ्याची खडी आणि सिमेंट एकत्र करून ते शिल्प उघड्यावर उभं केलं. सिमेंट काही शांतिनिकेतनच्या मातीतलं नव्हे, बघा; पुन्हा तीच भेसळ. पण त्या खडबडीत खडीमुळे चालत निघालेल्या त्या माणसांच्या अंगावर रस्त्याची धूळ बसल्यासारखी दिसते, आणि आधुनिक भारतीय शिल्पकलेची सुरुवात सांगताना लोक त्या शिल्पाचं नाव घेतात. आणि हे उदाहरण लांबचं वाटत असेल तर खानदेशातलं घ्या, आपल्या शेजारचं. डिसेंबर १९३६ मध्ये काँग्रेसचं अधिवेशन पहिल्यांदा खेड्यात भरलं, जळगाव जिल्ह्यातल्या फैजपूरला. सजावटीसाठी गांधीजींनी चित्रकार नंदलाल बोसांना बोलावलं. त्यांनी तिथे बांबूसारखं आसपास मिळणारं साधं सामान वापरून अधिवेशनाचा परिसर उभा केला. ते सगळं अधिवेशनानंतर उठून गेलं, टिकाऊपणाचा तिथे कुणी हट्ट धरला नव्हता. पुढे १९३८ च्या हरिपुरा अधिवेशनासाठी नंदलालबाबूंनी जी चित्रफलकं केली, ती आज देशाचा ठेवा आहेत. फैजपूरच्या बांबूशिवाय त्यांचा विचार मला करता येत नाही. आपल्याकडे आजही लाखोंचा मेळा भरणार आहे. त्याच्या कमानी कशाच्या असाव्यात, हा प्रश्न कुणी विचारल्याचं मी ऐकलेलं नाही.

आता द्राक्षं. नाशिकचं चित्र म्हणजे घोस, हे समीकरण इतकं पक्कं झालंय की निम्म्या शहराला ते दिसतच नाही. पण द्राक्षबागेत चित्रकाराच्या खऱ्या उपयोगाची वस्तू घोस नाही, काडी आहे. वर्षातून दोनदा छाटणी होते, एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात गोडी छाटणी. निफाड-दिंडोरीकडे बांधावर काड्यांचे ढीग पडतात. काही शेतकरी त्यांची कुट्टी करून बागेतच घालतात, ते उत्तमच. उरलेल्या जळतात. आणि रेखाटनासाठी लागणाऱ्या कोळशाच्या ज्या कांड्या आपली मुलं दुकानातून डबी-डबीने विकत घेतात, तशा कांड्या युरोपातले चित्रकार शतकानुशतकं कशापासून बनवत आले? विलोच्या आणि द्राक्षाच्या काड्यांपासून. परदेशी डब्यांवर नावच मुळी ‘वेलीचा कोळसा’ असं असतं. म्हणजे अख्ख्या महाराष्ट्राला पुरून उरेल एवढा कच्चा माल बांधावर पेटवायचा आणि त्याच वस्तूची डबी चौकातल्या दुकानातून आणायची, हा उद्योग आम्ही कितीतरी वर्षं निमूटपणे करत आलोय.

आम्ही तो कोळसा करून बघितला. पेन्सिलीएवढ्या जाड काड्या, साली काढून, बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात घट्ट रचायच्या. झाकणाला एक भोक ठेवायचं. डबा आगीत घालायचा, भोकातून धूर यायचा थांबला की बाहेर काढायचा आणि पूर्ण गार होईपर्यंत उघडायचा नाही. पहिल्या खेपेला घाईने उघडला आणि सगळ्याची राख झाली. दुसऱ्या खेपेला जमलं. काडीच्या मधला गाभा पोकळ असल्यामुळे रेघेला एक हलकी किनार येते, दुकानातल्या कांडीला ती येत नाही. पण मला महत्त्वाचं वाटलं ते वेगळंच. साल काढताना एका मुलीने विचारलं, काडीवर हे निळसर डाग कसले? मोरचूद आणि चुना, फवारणीचे. मग किती फवारण्या होतात, का होतात, अवकाळी पाऊस आला की किती वाढतात, हे सगळं निघालं. आम्हाला हातमोजे घालावे लागले. ‘नैसर्गिक साहित्य’ या शब्दाभोवती जो गोग्गोड धूप फिरवला जातो तो तिथे विरून गेला. भिंतीवर घोस रंगवणाऱ्याला बागेत काय चाललंय हे कळण्याची गरज पडत नाही. काडी सोलणाऱ्याला पडते. ही परंपरा नाही, यात आदिवासी नाही, वारसा नाही. पण नाशिकची म्हणावी अशी कला असेल तर मला ती या काळ्या रेघेत जास्त दिसते.

आता सगळ्यात वजनदार आक्षेप. निसर्गातून साहित्य घ्या म्हणता, पण घेणं म्हणजे ओरबाडणंच ना? आक्षेप बरोबर आहे आणि नाशिककरांनी तर तो हसण्यावारी नेऊच नये. ब्रह्मगिरीच्या पायथ्याशी आणि आसपासच्या टेकड्यांवर झालेल्या उत्खननाविरुद्ध २०२१ मध्ये इथल्याच लोकांना उभं राहावं लागलं. पांडवलेणीच्या परिसरातल्या खाणीतून निघालेले अपोफिलाइट आणि स्टिल्बाइटचे स्फटिक जगभरच्या संग्रहांत चमकतायत. ज्या कातळात ते होते त्याची खडी झाली. अंजनेरीवरची एखादी दुर्मीळ वनस्पती ‘नैसर्गिक रंगा’साठी उपटून आणली तर तो गुन्हाच. म्हणून मी मापाचं बोलते. चित्रकाराला ओंजळभर माती लागते, डंपरभर नाही. त्यातही छाटणीच्या काड्या, दगड घडवताना उडालेले टवके, घर पाडल्यावर पडलेली पांढरी माती, बुरुडाकडे उरलेले बांबूचे तुकडे, हे आधी. ओंजळभर माती नेणाऱ्या माणसाचा टेकडीला फारसा त्रास नसतो; उलट डंपर आला की सगळ्यात आधी त्यालाच कळतं.

टिकण्याचा मुद्दा राहिला. आपल्या पावसात मातीचे रंग उघड्या भिंतीवर एक पावसाळा काढणार नाहीत, हे खरंच आहे. पण न टिकणं हा दोष आहे असं कुणी ठरवलं? पाडव्याच्या आधी गोदाघाटावर महारांगोळी घालतात, ती पुसण्यासाठीच असते. शिरगोळ्याच्या पुडीची रांगोळी आपल्या आया रोज घालत आणि रोज झाडत. पाड्यावरची भिंत दर वर्षी नव्याने सारवली जाते. हिशेबही करून बघा. एकदाच रंगवलेल्या ॲक्रिलिकच्या भिंतीवर एकदाच बिल निघतं, आणि पाच वर्षांनी पोपडे आले की पुन्हा निविदा. दर दिवाळीआधी नव्याने लिंपायची भिंत म्हणजे कुणा चार माणसांना दर वर्षीचं काम, आणि दर वर्षी त्यांचा हात थोडा सुधारणार. सगळ्या भिंती अशा करा असं मी म्हणत नाही. उड्डाणपुलाचा खांब ॲक्रिलिकलाच द्या, किंवा खरं सांगू, मोकळाच सोडा. काँक्रीटला काँक्रीट दिसायचा हक्क आहे. पण घाटाजवळ, शाळांच्या आवारात, बसथांब्यांच्या आत पावसापासून आडोसा असलेल्या किती भिंती आहेत! त्यातल्या दहा तरी पेठ, सुरगाणा, त्र्यंबककडच्या लिंपणाऱ्या बायकांना सलग पाच वर्षांच्या करारावर द्यायला काय हरकत आहे? विषय त्यांनी ठरवावा. त्यांना जर भिंतीवर मोबाइलचा टॉवर काढावासा वाटला तर तो काढू द्यावा.

हे सगळं मी या वर्षी एवढ्या तावातावाने का लिहितेय, तेही सांगते. २०२५ च्या शेवटी तपोवनात कुंभमेळ्यातल्या साधूंच्या मुक्कामासाठी, म्हणजे साधुग्रामासाठी, झाडं तोडण्याच्या प्रस्तावावरून शहर पेटलं. त्या गर्दीत चित्र काढणारी बरीच पोरं होती, आणि ती का आली ते मला ठाऊक होतं. त्यांनी त्या झाडांखाली बसून स्केचबुकं भरली होती. त्याच दिवसांत कुठल्याशा बैठकीत भिंतींवर ‘हिरवं नाशिक’ रंगवण्याची सूचना कुणीतरी मांडल्याचं ऐकलं. सूचना करणाऱ्याचा हेतू चांगलाच असणार. पण भिंतीवरचं झाड काढायला झाडाची गरजच पडत नाही, ही त्या सूचनेतली खरी अडचण.

माझ्या टेबलावर मातीच्या सात बाटल्या आहेत. निफाडची काळी, इगतपुरीकडची तांबडी, घाटातल्या पट्ट्याची विटकरी, सिन्नरचा करडा मुरूम, कातळाच्या पोकळीतला हिरवा, जुन्या वाड्याची पांढरी, आणि एक पिवळी. पिवळी शहराच्या कडेच्या एका टेकडीची. या उन्हाळ्यात ती संपत आली म्हणून मुलांना घेऊन पुन्हा गेले, तर टेकडीचं ते अंग कापून तिथे प्लॉट पाडलेले होते, दगडांना चुन्याचे आकडे घातलेले. मुलांनी बाटलीतली उरलेली पिवळी मोजली, तीन चमचे भरली. एकीने विचारलं, आता हिच्यात काय काढायचं? अजून ठरलेलं नाही.